विहीर कोणाची, बाई?

१९९४ साल. मी चोपन्न वर्षांचा होतो. सायकलला दुधाच्या दोन किटल्या लावून विद्यापीठाच्या मागच्या फाटकातून आत येत होतो, तेव्हा तुम्ही मला खोटं बोलताना सापडलात.

रागावू नका, बाई. आता सगळेच तुमच्याबद्दल गोड लिहितील. तुम्ही किती पुस्तकं लिहिलीत, कुठल्या समितीवर होतात, ते ज्यांना ठाऊक त्यांनी लिहावं. तुमची एक जुनी विद्यार्थिनी घरी येऊन म्हणाली, "आबा, बाईंच्या आठवणींची पुस्तिका काढतोय, तुम्ही पण लिहा." मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायला बसलो तर भांडणंच आठवायला लागली. आपल्यात दुसरं होतं तरी काय?

नवीन वर्ष सुरू झालं की तुम्ही नव्या पोरापोरींना पायी फिरवायच्या. विद्यापीठाची ओळख, असं त्याला नाव होतं. आधी दगडी इमारत, मग ग्रंथालय, वडाचा पार, वसतिगृहं, आणि शेवटी टेकडीच्या पायथ्याची ती गवताची उतरण. पाचवारी साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि डोक्यावर उन्हाची टोपी. दामले बाई म्हणजे असंच ध्यान, आख्ख्या विद्यापीठाला ठाऊक. त्या उतरणीवर उभ्या राहून तुम्ही पोरांना सांगत होतात, "विद्यापीठ येण्यापूर्वी या भागात काहीच नव्हतं. ओसाड माळ. त्याचं हे नंदनवन झालं."

मी सायकल उभी केली आणि म्हणालो, "खोटं हाय."

सगळी पोरं वळली. तुम्ही चष्मा वर केलात. "कोण बोललं?"

"मी."

"दूधवाले आपण?"

"दूध घालतो. दूधवाला न्हाई. तुम्ही ज्या गवतावर हुब्या हाय, ते आमचं रान हाय."

एक पोरगा फिसकन हसला. तुम्ही त्याच्याकडे असं बघितलंत की त्याचं हसू तोंडातच वाळलं. मग मला म्हणालात, "अहो जमीनदार, मग लांबून काय ओरडता? पुढे या. यांना सांगा."

मी पुढे आलो. सांगितलं, की ही उतरण म्हणजे मोटेच्या बैलांची वाट, झुडपात दिसते ती विहीर, इथं जोंधळा असायचा आणि विहीर माझ्या आज्यानं खणली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जिंकलो.

तुम्ही टाळ्या थांबवल्यात. "जोंधळा तुम्ही पाहिलात?"

"राखणीला बसायचो मी."

"मग ते पाहिलेलं. विहीर आजोबांनी खणली, ते पाहिलंत?"

"माझा बाप सांगायचा."

"मग ते ऐकीव. जोंधळा आजपासून मान्य. आजोबा, पुरावा आणलात तर."

"माझ्या बापाच्या शब्दाला ऐकीव म्हणता?"

"मी माझ्या वडिलांच्या शब्दालाही ऐकीवच म्हणते. आमच्याकडे सगळ्यांना एकच दर."

घरी आलो तर मंडळींनी विचारलं, चेहरा असा का? काय सांगणार? सरकारनं जमीन घेतली त्या वर्षी माझी शाळा सुटली होती. तेव्हा बाप रडला नाही, मीही नाही. पण कुणी बाहेरची बाई उभ्या उभ्या म्हणते, इथं काहीच नव्हतं, तेव्हा घास गोड लागत नाही. रात्री ताटावरून उठलो.

त्याच आठवड्यात तुम्ही माझ्याकडे रतीब लावलात. मी विचारलं, "आमचंच दूध कशाला?" तर म्हणालात, "भांडायला घरपोच माणूस मिळतोय, वर दूधही. पुण्यात इतकं स्वस्त काय आहे?"

पुढच्या वर्षी मी मुद्दाम त्या दिवशी उतरणीजवळ रेंगाळलो. तुम्ही पोरांना काय सांगता ते ऐकायचं होतं. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "इथे शेती होती. कोणीतरी हे रान कसत होतं. कोण, ते मी शोधते आहे." बाई, त्या दिवशी मी पुढच्या घरांचं दूध उशिरा घातलं. झुडपाआड जाऊन डोळे पुसले, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असतात, कोणी पाहिलं?

मग वर्षानुवर्षं तुमच्या दारात आपलं चालायचंच. मी म्हणायचो, आमच्या आज्याचं नाव घ्या. तुम्ही म्हणायच्या, "कोंडिबा, दुधात पाणी किती आणि गोष्टीत किती, एवढं सांगा." मी किटली उचलून निघायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचो.

तोवर आजूबाजूला सगळं बदलत चाललं होतं. कॉम्प्युटरचं वारं आलं. गावातल्या पोरांनी उरलेल्या रस्त्याकडेच्या जमिनी बिल्डरला दिल्या. माझ्या पोरानंही दिली आणि गाडी घेतली, ती आता कंपनीच्या लोकांना आणायला-सोडायला पळते. तुमच्या ओळखीच्या फेरीत पोरं मागे रेंगाळायला लागली. एक पोरगी मी स्वतःच्या कानांनी ऐकली, "मॅडम, हे सगळं एक्झामला आहे का?" तुम्ही म्हणालात, "नाही. म्हणूनच नीट ऐक."

आणि मग बातमी आली की कॉम्प्युटरची नवी इमारत उतरणीवरच होणार. विहीर बुजवणार.

तुम्ही भांडलात. किती आणि कोणाकोणाशी, ते मला माहीत नाही. एक दिवस दारात दूध घेता घेता म्हणालात, "ऐका. इमारतीची समिती म्हणते, गावानं एकमुखानं सांगावं की ही विहीर कोणाची. मग इमारत थोडी सरकवतील, विहीर ठेवतील, तिच्यापाशी पाटी लावतील. नव्या मुलांना दाखवतील."

"पाटीवर नाव?"

"नाव."

"माझ्या आज्याचं?"

"विहीर खणणाऱ्याचं."

मला ते एकच वाटलं. मी गावभर सांगत सुटलो.

उन्हाळाभर तुम्ही आमच्या गावात हिंडलात. मीच तुम्हाला आमच्या वरच्या आळीतल्या घराघरांत नेलं, म्हाताऱ्यांच्या समोर बसवलं, चहा पाजला. मग एकदा तुमची मोपेड खालच्या आळीच्या तोंडाशी दिसली. मी सायकल आडवी घातली.

"तिकडं कशाला?"

"कोंडिबा, तुमच्या गावात आळ्या किती?"

"दोन."

"मग दोन्ही बघायला नकोत?"

मी सायकल वळवून घरी आलो. पण झोप गेली. कारण खालच्या आळीतली सगळ्यात म्हातारी बाई, गंगूबाई, तिथं राहते हे मला माहीत होतं, आणि गंगूबाईला काय आठवतं, याचा मला अंदाज होता.

त्या वर्षीच्या ओळखीला मी नवा फेटा बांधून आलो. भावकी मागे उभी. तुम्ही शब्द दिला होता, आजच्या फेरीत विहिरीपाशी नाव घेऊन सांगीन. उतरणीवर जाऊन बघतो तर सावलीत खुर्चीवर गंगूबाई बसलेली. पदर डोक्यावर, हात मांडीवर. आणि नव्या पोरांच्या घोळक्यात, गळ्यात ओळखपत्र घातलेला तिचा नातू सुनील. कॉम्प्युटरच्या वर्गात त्याला प्रवेश मिळाला होता. त्यानं मला ओळखलं. नमस्कार केला नाही. मीही केला नाही.

तुम्ही सुरुवात केलीत. जोंधळा सांगितलात, मोट सांगितलीत. मग एकदम माझ्याकडे वळलात. "कोंडिबा, तुम्ही स्वतः पाहिलेलं सांगा. ऐकीव नको. या विहिरीचं पाणी कोण शेंदायचं?"

भावकीतला एकजण मागून पुटपुटला, "आता हे कशाला?"

मी म्हणालो, "वरची आळी."

"आणि खालची?"

गंगूबाई माझ्याकडे बघत नव्हती. झुडपाकडे बघत होती. सुनील बघत होता. बाई, तुम्हाला वाटलं असेल मी खोटं बोलेन. मी खोटं बोलत नाही. मी मान वर करून सांगितलं, "खालच्या आळीला आमची आई वरनं वतायची. कुणाला म्हणून रित्या घागरीनं जाऊ दिलं न्हाई तिनं."

मी हे अभिमानानं सांगितलं. आजही त्यात मला आईची माया दिसते. पण मी बोललो आणि पोरांमध्ये काहीतरी हललं. मघाशी माझ्याकडे कौतुकानं बघणारी तोंडं फिरली.

गंगूबाई म्हणाली, "वतायची, ते खरं हाय. माझा सासरा आन त्याचं भाऊ, तिघांनी खणली ही. धाकला आतच गेला, कड ढासळून. मग पाणी लागलं, आन आमास्नी वरनं वतायला लागले." एवढंच. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. जेवणात मीठ कमी आहे, असं सांगावं तसं सांगितलं.

तुम्ही पोरांकडे वळून तिघा भावांची नावं घेतलीत. एकेक, सावकाश. मग म्हणालात, "जमीन कोंडिबांच्या आजोबांची होती. त्यांनी ही विहीर करवून घेतली." आणि त्यांचंही नाव घेतलंत.

मी पुढे सरलो. "बाई, तुम्ही शब्द दिला व्हता."

"नाव घेण्याचा दिला होता. आधी घेण्याचा नव्हता."

मी फेटा काढून हातात घेतला आणि निघालो. भावकी माझ्यामागे निघाली. दुसऱ्या दिवसापासून तुमचं दूध बंद.

माझ्यापुरतं मी ठरवलं, ती बाई मेली. आज हे लिहिताना हात अडतो, पण तेव्हा असंच म्हणालो होतो, आणि घरात सगळ्यांनी ऐकलं होतं. तुमच्या दारावरून सायकल न्यायला लागू नये म्हणून लांबचा रस्ता धरला. दुसऱ्या रस्त्याला चढ होता. चढ चढलो, पण तुमच्या दाराकडे बघितलं नाही.

आणि मग एके सकाळी तुम्ही माझ्या गोठ्यात. हातात स्टीलचा डबा, बूट शेणात.

"घरपोच नको. विकत तर द्याल?"

"दूध संपलं."

म्हैस शेजारीच होती आणि तिची धार चालू होती. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि उलट्या टोपलीवर बसलात. "मग संपेपर्यंत थांबते."

मी धार काढत राहिलो. शेवटी मलाच राहवलं नाही. "बाई, एक सांगा. घर बांधतो गवंडी. घरावर नाव कुणाचं लागतं? गवंड्याचं?"

"नाही."

"मग?"

"गवंड्याला त्या घरात पाणी तरी मिळतं, कोंडिबा."

तुमच्या डब्यात दूध ओतलं. पैसे घेतले. तुम्ही निघून गेलात, आणि मग मला उत्तर सुचलं: मिळायचंच की! आई वतायची! मागे पळालो असतो, पण तुमची मोपेड रस्त्याला लागली होती. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तुम्ही पुन्हा आलात तेव्हा मी ते म्हणालो. तुम्ही काय म्हणालात आठवतं? काही नाही. नुसता डबा पुढे केलात. त्या गप्प बसण्यानं मला जेवढं छळलं तेवढं तुमच्या बोलण्यानं कधी छळलं नाही.

पुढे समितीचा निरोप आला. गावात वाद आहे म्हणता, मग आधी वाद मिटवा. वरच्या आळीचा एक आणि खालच्या आळीचा एक, दोघांनी मिळून कार्यालयात यावं आणि तोंडानं सांगावं. तसं झालं नाही, तर विहीर बुजणार. इमारतीचे पैसे मंजूर व्हायला, नकाशे बदलायला वेळ लागला, तेवढाच काय तो आम्हाला मिळालेला अवधी.

मी म्हणालो, पाटीवर नाव एकट्या माझ्या आज्याचं. फारतर त्यांचं खाली. सुनील म्हणाला, "मॅडम, सॉरी, पण आमची नावं खाली येणार असतील तर नकोतच. खाली खूप झालं." तो तोवर शिकून हडपसरला कंपनीत लागला होता. मोटारसायकलवर जायचा-यायचा. माझ्या घरावरून जाताना हॉर्न वाजवायचा नाही, नुसता वेग वाढवायचा. गंगूबाई दोघांनाही म्हणायची, "दगडावर नावं कशाला रं? बुजवू नका म्हंजे झालं." तिचं कोण ऐकतं?

तुम्ही या आळीतून त्या आळीत आणि त्या आळीतून या आळीत. नोकरी संपली होती, क्वार्टर सुटलं होतं, सदाशिव पेठेतून पार आमच्याकडे यायच्या. एकदा वैतागून म्हणालात, "मोठ्या मोठ्या लढायांचे तह मी वर्गात तासाभरात शिकवले. तुम्ही दोघं मात्र!" दरवर्षी ओळखीच्या फेरीत तुम्हीच यायच्या, पोरांना विहिरीपाशी उभं करून दोन्ही बाजू सांगायच्या आणि म्हणायच्या, "निकाल अजून लागलेला नाही. लागला तर इथे पाटी दिसेल. नाही लागला तर पुढच्या वर्षी कदाचित विहीरही दिसणार नाही." मी लांब उभा राहून ऐकायचो. दुसऱ्या टोकाला कधी कधी सुनील उभा असायचा. आम्ही दोघं एकमेकांना न बघता तुम्हाला बघायचो.

तुम्ही आजारी पडलात ते मला उशिरा कळलं. सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. दूध घेऊन चढलो. दारावर तुमच्या हातची सूचना होती, बेल एकदाच वाजवा, बहिरे कोणी नाही. मी एकदाच वाजवली.

तुम्ही पलंगावर. नाकात नळी. चेहरा एवढासा. मला बघितल्याबरोबर पहिला प्रश्न, "ठरलं का?"

"न्हाई."

"कोण अडलंय?"

"दोघंबी."

"म्हणजे निदान तिथे तरी बरोबरी झाली."

बाई, मी हसलो नाही. मला राग आला. माणूस भेटायला येतो, दम खात तीन मजले चढतो, आणि तुम्ही टोमणे मारता. तुमची बहीण चहा घेऊन आली. तुम्ही तिला म्हणालात, "हे कोंडिबा. माझ्याशी सगळ्यात जास्त भांडलेला माणूस." आणि तुमच्या आवाजात असं काहीतरी होतं, की मी कपाकडे बघत राहिलो.

निघताना म्हणालात, "पुढच्या आठवड्यात नवी मुलं येतील. यंदा मला चालवणार नाही."

मी म्हणालो, "बऱ्या व्हाल तुम्ही."

"हे ऐकीव आहे, कोंडिबा."

हे तुमचं मला शेवटचं वाक्य.

मला तेव्हा म्हणायचं होतं, की तुम्ही त्या उतरणीवर ओसाड म्हणायचं थांबवलंत, तेव्हापासून माझ्या घरात माझा बाप पुन्हा आला. म्हणजे खरंच आला असं नाही. पण मी पोरानातवंडांना सांगायला लागलो, इथं आम्ही कसत होतो, आणि ते खरं मानायला लागले, कारण विद्यापीठातल्या बाई पण तेच सांगतात. हे मला म्हणायचं होतं. आणि मी जिन्यावरून उतरलो, दूध वर ठेवायला विसरलो नाही ना, हे बघायला पुन्हा चढलो आणि दारातूनच परत फिरलो. दूध वरच होतं. मी कशाला चढलो, ते मलाच माहीत आहे.

तुम्ही गेलात. स्मशानात गर्दी होती. तुमची जुनी पोरं कुठून कुठून आली होती, कोणी गाडीतून, कोणी रिक्षानं. मी एका बाजूला भिंतीला टेकून उभा. सुनील ऑफिसच्या कपड्यांत आला होता, तो दुसऱ्या बाजूला. सगळ्या पुरुषांसारखे आम्ही दोघंही हात बांधून जमिनीकडे बघत होतो.

माझ्याशेजारी दोन तरुण प्राध्यापक उभे होते. हळू आवाजात बोलत होते, पण मला ऐकू येत होतं. एकजण म्हणाला, "ओळखीचा कार्यक्रम आता तुझ्याकडे ना?"

"हो. पण ते पायी फिरवणं बंद. हॉलमध्ये घेऊ, स्लाइड दाखवू. वीस मिनिटांत संपवू."

"आणि ती विहीर?"

"ती वादातली आहे. ते नकोच. सरळ सांगायचं, इथे पूर्वी ओसाड माळ होता, विद्यापीठानं त्याचं नंदनवन केलं. कोणाला दुखवायला नको."

वाईट माणूस नव्हता तो. तुमच्यासाठी त्याचे डोळे सुजले होते. कोणाला दुखवायला नको, हे त्यानं मनापासून म्हटलं.

मी मान वर केली तर समोरून सुनील बघत होता. तो माझ्यापेक्षा त्यांच्या जवळ उभा होता. त्यानंही ऐकलं होतं. बाई, इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी एकमेकांकडे पहिल्यांदा नीट बघितलं, ते तुमच्या चितेसमोर. त्यानं मान खाली घातली नाही. मीही नाही.

तुमच्यापुढे मी हरलो, असं मी म्हणणार नाही. घर गवंड्याच्या नावानं नसतं, हे मी अजूनही म्हणतो. पण तुम्ही नाही म्हणून आता तुमची बाजूही मलाच मांडावी लागते. गोठ्यात एकटाच बसून मांडतो. आणि सांगतो तुम्हाला, तुमची बाजू मी मांडली तरी तीच भारी पडते. हे काही बरोबर नाही. माणूस गेल्यावर त्याचं ओझं दुसऱ्यानं वाहावं, इथपर्यंत ठीक आहे. पण त्याचं भांडणही दुसऱ्यानंच भांडावं?

स्मशानातून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी धार काढली, तोंड धुतलं, टोपी घातली आणि खालच्या आळीत गेलो. सुनील दारात मोटारसायकल पुसत होता. हडपसरला निघायच्या तयारीत. गंगूबाई उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "कोंडबा? हितं कसा?"

मी सुनीलला म्हणालो, "हापिस आज उशिरा गाठ. गाडी काढ."

"कुठे, आबा?"

"विद्यापीठात. दोघांनी जाऊन तोंडानं सांगायचं हाय."

त्यानं फडकं खाली ठेवलं. "मी आधीच क्लिअर केलंय, आबा. खाली नाव नको."

"खाली कोण म्हणतंय? तिघा भावांचं आधी. मग आमचं."

तो माझ्याकडे बघत राहिला. "नक्की?"

"परत इचारलंस तर बदलीन."

गंगूबाई उंबऱ्यातून म्हणाली, "जा रं लवकर. त्येचा काय भरवसा न्हाई."

सुनीलनं गाडी चालू केली. मी त्याच्या खांद्याला धरून मागे बसलो. कार्यालय उघडलं तेव्हा आम्ही दोघं दारात उभे होतो.